थोरलीचा रिपोर्ट

सुई टोचताना मासोळीनं डोळेसुद्धा मिटले नाहीत. थोरलीनं मात्र तोंड फिरवलं आणि बोट बहिणीच्या हाती दिलं.

घरच्या घरी तपासणी करायचे दोन संच मासोळीनंच मागवले होते. बोटातून रक्त काढायचं, कार्डावरच्या गोलात थेंब टाकायचे आणि सुकलेलं कार्ड पाकिटात घालून टपालानं धाडायचं. अंगात जीवनसत्त्वं किती, पाळी जायची वेळ आली का, सगळं आठवड्याभरात मोबाइलवर कळणार होतं. कार्डावर नाव नव्हतं. पाकिटावर तेवढा जिचा-तिचा नंबर.

वर्षभर थोरलीला धड झोप नव्हती. बसल्या जागी घाम फुटायचा, केस मुठीनं हातात यायचे. दोघी मिळून करू, म्हणजे तुला एकटीला वाईट वाटणार नाही, असं मासोळी म्हणाली होती. वाईट वाटायचं ते आपल्यालाच, हे तिनं आधीच ठरवून टाकलं, म्हणून थोरली मनात धुमसत होती.

ती बोट दाबून हात धुवायला गेली. स्वयंपाकघर आवरून परत आली तोवर कार्डं सुकली होती आणि मासोळीनं दोन्ही पाकिटं चिकटवून टेबलावर ठेवली होती.

थोरली एकोणपन्नासची, धाकटी सेहेचाळीसची. वडिलांच्या मागे दोघी त्याच तीन खोल्यांत राहत होत्या. थोरलीचं लग्न झालं नाही. धाकटीचं झालं आणि मोडलं, पण तो नवरा अजून दर वाढदिवसाला फुलं पाठवायचा. धाकटी तलावावर पोहायला शिकवायची. तिला मासोळी हे नाव आईनं ठेवलेलं. थोरलीला आई नुसतं थोरली म्हणायची. आजही दोघी रस्त्यानं निघाल्या की दुकानदार मासोळीला ‘काय हवंय, ताई?’ विचारायचा आणि थोरलीला ‘मावशी, जरा बाजूला.’

पाकिटं टपालात टाकायचं काम थोरलीकडे आलं, कारण पेटी तिच्या वाटेवर होती. ती पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होती. तीस वर्षं तिनं डिंक, दोरा आणि पुठ्ठ्याशी संसार केला होता. सकाळी बाकीचे यायच्या आत तिनं चहाच्या किटलीची वाफ दोन्ही पाकिटांना दिली आणि कडेनं पातळ पट्टी फिरवली. पाकिटं अलगद उघडली. तिनं याचं कार्ड त्यात घातलं, त्याचं यात. पुन्हा चिकटवलं, वजनाखाली ठेवलं. कुणाच्या बापाला कळलं नसतं. एकदा तरी तिला कळू दे, वाईट रिपोर्ट हातात घेऊन कसं वाटतं ते, एवढंच तिच्या मनात होतं.

आठवड्यानं रिपोर्ट आले. थोरलीच्या मोबाइलवर सगळं ठणठणीत होतं, पाळी जायचं चिन्ह नाही. मासोळीच्या मोबाइलवर ड जीवनसत्त्व तळाला गेलेलं, बी-बारा जेमतेम आणि पाळी जायच्या वाटेवर.

थोरलीनं सांत्वनाची वाक्यं घोकूनच ठेवली होती. वयच आहे आपलं, असं ती म्हणाली. मासोळी रडली नाही. तिनं मोबाइल पालथा ठेवला आणि कितीतरी वेळ थोरलीकडेच पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी मासोळी तो रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून गोळ्या घेऊन आली आणि तिनं त्या थोरलीच्या ताटाशी ठेवल्या. घरातल्या दोघींनी घ्या, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं ती म्हणाली. थोरलीनं एका शब्दानं कुरकूर केली नाही. आटलेलं रक्त खरं कुणाचं आहे हे तिला ठाऊक होतं. ती रोज गोळी घेऊ लागली. महिनाभरात तिला झोप लागायला लागली, घाम थांबला, चेहऱ्यावर तजेला आला. दुकानदारानं एकदा तिलाही ‘ताई’ म्हटलं.

मासोळी आपल्या वाट्याची गोळी हातात घ्यायची आणि पाठ फिरवून पुन्हा डबीत टाकायची. थोरलीनं ते दोनदा पाहिलं. तिला कुठं काय झालंय, असं म्हणून ती गप्प राहिली. मासोळी जिना चढताना थांबायला लागली, गुडघे धरून बसायला लागली. तो रिपोर्टचा धसका असणार, असं थोरलीला वाटलं. खरं सांगायचं तर, बरंही वाटलं.

आठव्या महिन्यात मासोळी तलावाच्या पायऱ्यांवरून पडली. तीनच पायऱ्या, पण खुब्याचं हाड मोडलं. पुन्हा तलावात उतरणं कठीण आहे, असं डॉक्टरीणबाईंनी थोरलीला बाहेर नेऊन सांगितलं.

आता सगळं कबूल करायचं असं ठरवून थोरली खाटेशी आली. डॉक्टरीणबाई एका हातात सकाळच्या तपासणीचा कागद आणि दुसऱ्या हातात मासोळीचा मोबाइल धरून उभ्या होत्या.

“आठ महिन्यांपूर्वीच कळलं होतं की तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “आजचे आकडे तेच आहेत, फक्त आणखी खाली गेलेत. गोळ्या किती घेतल्या?”

“एकही नाही,” मासोळी म्हणाली.

डॉक्टरीणबाई मान हलवत निघून गेल्या. थोरलीला उलगडेना. तो रिपोर्ट हिचा नव्हताच, मग आकडे जुळले कसे?

मासोळीनं तिचा हात धरून तिला जवळ ओढलं.

“ताई, चिडू नकोस. तुझा रिपोर्ट वाईट आला असता आणि माझा चांगला, तर तू मनाला लावून घेतलं असतंस. म्हणून तू हात धुवायला गेलीस तेव्हा मी कार्डं बदलली आणि मगच पाकिटं चिकटवली. तो रिपोर्ट तुझा होता गं. मग माझं रक्त तसंच कसं निघालं?”