मुकी दाई

"आई, एक शब्दही बोलायचा नाही. समोवार आणायचा, चहा ओतायचा, कोपऱ्यात बसायचं. कळलं?"

तिसरी घंटा व्हायच्या आत लेकीने विंगेत शेवटचं बजावलं. माईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि तोटीची ती जडशीळ पितळी चहादाणी उचलली.

लेकीचं तरी काय चुकलं म्हणा! हे रशियन नाटक या मंडळींनी इतक्या तऱ्हांनी केलं होतं की माईंच्या डोक्यात त्याचा पार गुंता झाला होता. पहिलं रूपांतर अगदी मुळाबरहुकूम. भर उन्हाळ्यात लोकरीचे कोट, आणि डिंकाने चिकटवलेल्या दाढ्या घामाने सुटून चहात पडायच्या. मग कुणीतरी त्यात गाणी घातली. मग त्याचा फार्स झाला. मग अख्खं घर उचलून कारखान्यात नेलं. एका विद्वान दिग्दर्शकाने तर खुर्च्याच काढून टाकल्या, सगळं कुटुंब अंकभर उभं! नाटक तेच राहिलं. माई मात्र धाकट्या मुलीची थोरली झाल्या, थोरलीची आई झाल्या आणि आता लेकीच्या रूपांतरात म्हातारी दाई.

लेकीचं हे पहिलंच दिग्दर्शन. तिच्या नाटकात शांतता फार. तालमीत माईंना ती शांतता सोसवेना. दर वेळी त्या कुठल्यातरी जुन्या रूपांतरातलं वाक्य टाकून मोकळ्या, एकदा तर चक्क गाऊन. तेव्हापासून दाई मुकी झाली.

पहिला अंक झकास गेला. दुसऱ्यात शहरातली पाहुणी यायची होती. आरामखुर्चीत म्हातारा डॉक्टर झोपलेला, म्हणजे माईंचे यजमान, अप्पा. दारावर टकटक झाली. घरातला तरुण मुलगा फुलं घेऊन दाराकडे वळला.

दार उघडेना.

सकाळीच त्याला रंगाचा आणखी एक हात दिला होता, आणि ते चौकटीला घट्ट चिकटून बसलं होतं. पलीकडून पाहुणीने खांदा लावला तशी सगळी भिंत हलली. तरुण नट नुसताच मूठ खेचत राहिला. प्रेक्षकांत कुणी खोकलं, कुणी फिस्सकन हसलं.

माईंनी विंगेत पाहिलं. लेक तोंडावर हात दाबून उभी होती, चेहरा पांढराफटक. पोरगी आज खचली तर पुन्हा या वाटेला जायची नाही, हे आईला ठाऊक होतं. त्या चहा ओतत राहिल्या. कप भरला, बशी भरली, चहा टेबलावरून ओघळायला लागला.

"राहू दे ते दार," माई म्हणाल्या. "ज्याला यायचंच असेल, तो खिडकीतून येईल."

पहिल्या रूपांतरातल्या धाकट्या मुलीचं वाक्य! आवाजही तिचाच लागला, अल्लड.

आरामखुर्चीत डॉक्टरांनी एक डोळा उघडला. त्या रूपांतरात खिडकीतून उडी मारून येणारा तरुण लेफ्टनंट अप्पा होते.

"मी कधीचा आत आलोय," ते म्हणाले. "तुम्हीच वर बघत नाही."

"बाहेर बर्फ होता ना?"

"होता. पण चहा तुमच्या हातचा म्हटल्यावर चालत आलो."

प्रेक्षागृह खदखदून हसलं आणि मग एकदम चिडीचूप झालं. अप्पा उठले. गुडघा कटकन वाजला, तो मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला असेल. तरुणाच्या हातातली फुलं त्यांनी खुशाल काढून घेतली आणि माईंपुढे धरली. माई लाजल्या. हे मात्र कुठल्याच रूपांतरात नव्हतं.

टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. त्यातच दार धाडकन उघडलं आणि खांद्याला हिरवा रंग फासलेली पाहुणी आत आली. तरुणाकडे फुलं कुठली? त्याने भरलेली बशीच तिच्यापुढे केली. तिथून नाटक असं धावलं की पडद्यापर्यंत थांबलं नाही.

प्रयोगानंतर रंगपटात माई मान खाली घालून चेहरा पुसत बसल्या. लेक येऊन समोर उभी राहिली.

"चुकलं गं माझं. तोंडातून निघून गेलं."

"पहिल्या रूपांतरातलं ना? त्यात पुढे काय होतं?"

"पुढे मी वाक्य विसरायचो," अप्पा दाढी सोडवत म्हणाले. "दर प्रयोगाला. ही सांभाळून घ्यायची. शेवटी म्हटलं, हिच्याशी लग्नच केलेलं बरं."

लेक काहीतरी बोलणार, तेवढ्यात सुतारकाका रंधा घेऊन दारात आले. बिचारे ओशाळले होते.

"ताई, दार आत्ताच तासून ठेवतो. उद्याच्या प्रयोगाला मुळीच अडकायचं नाही."

लेकीने आईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि काकांच्या हातातला रंधा काढून घेतला.

"तासू नका, काका. सकाळी रंगाचा आणखी एक हात द्या."