चपलांचं राहिलं

आवाज आलाच नव्हता.

कॅमेरावाल्याने हेडफोन तिच्या हातात दिले आणि खांदे उडवले. पडद्यावर मावशी बोलत होत्या, मध्येच थांबत होत्या, तळहाताने डोळे पुसत होत्या. अकरा मिनिटं. सगळी मुकी. माइक तिनेच लावला होता आणि बटण दाबायचं तीच विसरली होती.

साबणाच्या जाहिराती लिहायची बरी चाललेली नोकरी सोडून ती या संस्थेत आली होती. संस्था बाळंतिणींसाठी फुकट रुग्णवाहिका चालवायची, आणि संस्थेचं काम लोकांपर्यंत पोचवणं हे तिचं काम. ऑफिसात आपल्याला मागून 'साबणवाली' म्हणतात, हे तिला ठाऊक होतं. नोकरीत कायम करायचं की नाही हे ठरवायची सहा महिन्यांची मुदत आज संपत होती. चार वाजता देणगीदार यायचे होते, आणि त्यांना दाखवायची ही तिची पहिलीच फिल्म.

मावशी तोंड धुऊन परत आल्या. त्या याच संस्थेत, रुग्णवाहिकेसाठी येणाऱ्या फोनवर बसायच्या. दोन वाजता त्यांची पाळी सुरू व्हायची होती.

"मावशी, माझी चूक झाली. रेकॉर्डच झालं नाही. परत एकदा..."

मावशींनी घड्याळाकडे बघितलं. पावणेदोन.

"सगळं परत? गाडीची वाट बघत बसलो तिथपासून?"

तिने मान हलवली.

"बरं," म्हणून मावशी खुर्चीत बसल्या.

या खेपेला तिने बटण दोनदा तपासलं. मावशी सांगू लागल्या. लेकीला कळा सुरू झाल्या, गाडी येते येते म्हणत तीन तास गेले, शेवटी शेजाऱ्याच्या हातगाडीवर घालून नेलं, आणि दवाखान्याचं फाटक समोर दिसत असताना पोरगी गेली. शब्द तेच होते. पण आता त्या वाण्याला यादी सांगावी तसं एकामागून एक सांगत होत्या. डोळे कोरडेठाक.

दार हळूच उघडून संचालक आत आले. थोडा वेळ ऐकून तिच्या कानाशी वाकले. "हे काय? तू तर म्हणालीस, रडल्या म्हणून."

"मघाशी रडल्या, सर."

"मग तेच हवं. हे असलं कोरडं ऐकून कोण खिशात हात घालणार? बघ काय ते. आज तुझ्याकडून मला एवढंच हवंय."

नेमकी जागा तिला माहीत होती. लेकीला हातगाडीवर घालताना मावशींनी तिच्या चपला पिशवीत टाकल्या होत्या, येताना चालत यायला लागतील म्हणून. मघाशी हे सांगताना मावशींना हुंदका फुटला होता, आणि माइक, कॅमेरा सगळं विसरून तिने त्यांचा हात धरला होता.

तरी ती बोललीच.

"मावशी, ते... चपलांचं राहिलं."

मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. ओळखीचं माणूस वाटून रस्त्यात हाक मारावी आणि ते भलतंच निघावं, तसं.

"ते तुम्हाला म्हणून सांगितलं होतं, बाई," त्या म्हणाल्या.

कॅमेरावाला उगाच वायर गुंडाळू लागला. मावशींनी माइकचा चिमटा स्वतःच सोडवला, टेबलावर ठेवला आणि उठल्या. "दोन वाजले. माझी जोडीदारीण आज रजेवर आहे. फोन उचलायला कोणी नाही."

पलीकडच्या खोलीत फोन वाजायलाही लागला होता. मावशी लगबगीने गेल्या. दार अर्धवट उघडंच राहिलं.

"हं, बोला. रडू नका, दादा. मी आहे ना. आधी पत्ता सांगा."

संचालकांचे डोळे चमकले. "हे घ्या! हेच घ्या! उचल कॅमेरा."

कॅमेरावाल्याने कॅमेरा खांद्यावर घेतला आणि तिच्याकडे बघितलं. आज सांगायचं तिने होतं.

"नको," ती म्हणाली.

"नको काय?"

ती दोन ढांगांत दाराशी पोचली, आत शिरली आणि दार लावून घेतलं. कडी नव्हती. तिने पाठ टेकवली. मागून दाराची मूठ एकदा फिरली, दार हललं.

"चार वाजता त्यांच्यासमोर तू उभी राहशील, मी नाही," दारापलीकडून आवाज आला. "कळतंय ना?"

"राहीन, सर."

मूठ पुन्हा फिरली नाही. पावलं लांब गेली.

मावशींनी वर बघितलंही नाही. एका खांद्यात फोन दाबून त्या भराभर लिहीत होत्या. कागद फाडून त्यांनी टेबलावरून पुढे सरकवला आणि बोटाने दुसरा फोन दाखवला.

"ड्रायव्हरला लावा. पहिलंच बटण. वाचून दाखवा, पण घाई नको. एक शब्द चुकला तर गाडी भलतीकडे जाईल."

तिने फोन उचलला. कागद टेबलावरच ठेवून ती त्यावर वाकली.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "पाण्याच्या टाकीमागची गल्ली. डावीकडे तिसरं घर. नाही, दुसरं नाही. तिसरं."