तांदळाचा दाणा

"आई, पंख्यावर नको, काळ्यावर लाल उठत नाही. इकडे विमानाच्या कुशीला पांढऱ्या पत्र्यावर लाव. ही गोल चकती आहे ना, बरोबर तिच्यावर."

ललितचं हे नेहमीचंच. लग्नाचे फोटो काढताना तो भटजींनासुद्धा थांबवायचा, नवऱ्याला हार पुन्हा घालायला लावायचा. फोटो नीट आला की विधी पार पडला, असा त्याचा हिशेब.

आज त्याची बहीण तेजस्विनी पहिल्यांदाच एकटीनं विमान उडवणार होती, म्हणून सगुणाबाई चांदवडहून पूजेचं ताट घेऊन आल्या होत्या. विमानाभोवती फिरून सगळं तपासून झालं होतं. तेजस्विनी आत बसली होती आणि तिला शिकवणारे संघर्ष सर पलीकडच्या दारातून शेवटच्या सूचना देत होते. सगुणाबाईंनी पुढच्या पंख्याला कुंकू लावलं होतंच. मुलाच्या शब्दाखातर त्यांनी पुन्हा ओलं कुंकू घेतलं, चकतीवर बोट दाबलं आणि वर अक्षता चिकटवल्या.

आभाळ दाटलेलं होतं. ऊन नाही, सावली नाही. असा उजेड ललितच्या आवडीचा. पत्रा चमकत नाही, रिव्हेट न् रिव्हेट स्वच्छ दिसतो. त्यानं अगदी जवळ जाऊन फोटो काढले. मग सगळे मागे सरले, विमान धावलं आणि वर गेलं.

ललित लगेच फोटो मोठे करून बघू लागला. कुंकू झकास उठलं होतं. चकतीभोवतीची बारीक इंग्रजी अक्षरं मात्र त्याला आत्ता दिसली. हे भोक मोकळं ठेवा, असं लिहिलं होतं. कुठलं भोक, म्हणून त्यानं फोटो आणखी मोठा केला. चकतीच्या मधोमध तांदळाचा दाणा रुतून बसला होता आणि त्याच्याभोवती कुंकू थापलेलं होतं.

संघर्ष सरांना बाजूला घेऊन त्यानं कॅमेरा पुढे केला. सरांचा चेहरा उतरला. विमानाची उंची आणि वेग दाखवणारे काटे या भोकातल्या हवेवर चालतात, ते हळूच म्हणाले. आता ते तिला खोटं सांगतायत, आणि त्यांच्यावर विसंबून उतरायला गेली तर संपलं.

त्यांनी वायरलेस तोंडाशी धरला. आवाज मुद्दाम संथ ठेवला. "तेजस्विनी, काट्यांकडे बघू नकोस. इंजिनाचा आवाज ऐक, बाहेर बघ आणि माझ्या सांगण्यानं खाली ये."

पलीकडून नुसती खरखर. मग बारीक आवाजात "हो सर" आलं.

विमान वळलं, धावपट्टीच्या दिशेनं उतरू लागलं. ते जरा जास्तच खाली आलं, तसं सर ओरडले, "पॉवर दे." ललितच्या शेजारी सगुणाबाई कौतुकानं बघत होत्या. किती डौलात येतंय, म्हणत होत्या. त्यांना सांगायची त्याची छाती झाली नाही. चाकं आपटली, विमान उसळलं, पुन्हा आपटलं आणि वेडंवाकडं धावत एकदाचं थांबलं.

तेजस्विनी उतरली. आईकडे न जाता ती आधी चकतीपाशी गेली. तिनं नखानं काहीतरी उकरलं आणि येऊन ललितचा हात हातात घेतला. तिचा हात सुटला तेव्हा त्याच्या तळव्यावर लाल झालेला तांदळाचा दाणा होता. त्यानं मूठ मिटली.

सगुणाबाईंनी लेकीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली आणि ललितकडे वळून हसल्या.

"लय भ्या वाटत होतं रे मला. पण तू सांगितलं तिथंच लावलं ना कुंकू, म्हणून आली बघ माझी लेक सुखरूप."