दुसरी दुर्बीण

नवरा डोंगरात वाट चुकला, त्या संध्याकाळी ती पायथ्याच्या चौकीत येऊन बसली ती तिथलीच झाली. मांडीवर चहाचा थर्मास. दिराने कप पुढे केला तरी ती द्यायची नाही. "ह्यांना लागेल. गारठून येतील."

शोधपथकाच्या रात्रपाळीचे प्रमुख बोलके होते. तिचं मन जरा दुसरीकडे लागावं म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी दोन्ही दुर्बिणी तिच्यासमोर ठेवल्या होत्या.

"ही थर्मल, वहिनी. हिला फक्त ऊब दिसते. अंगात धुगधुगी असली की मिट्ट काळोखातही माणूस पांढराशुभ्र उठून दिसतो."

"आणि ही?"

"ही नाइट व्हिजन. चांदण्यात झाड, दगड, कपडे, सगळं हिरवं हिरवं दिसतं. पण ऊब कळत नाही हिला. जिवंत माणूस शोधायचा असताना हिला कोण विचारतो?"

तेव्हापासून रोज दिवस मावळला की प्रमुख थर्मल गळ्यात अडकवून निघायचे, आणि ती थर्मासमधला गार चहा ओतून ताजा भरून आणायची.

आज निघताना थर्मल त्यांनी पुसून खोक्यात ठेवली, खोक्याची कडी लावली आणि दुसरी दुर्बीण गळ्यात अडकवली. तिच्याकडे बघायचं तेवढं टाळलं.

ती मात्र बघत होती.

 

थर्मासचं झाकण फिरवत ती दिराला म्हणाली, "कप आणा, भाऊजी. गरम आहे तोवर सगळ्यांनी घेऊन टाका."