ऐकू आलं की बटण दाबा

कॉलेजच्या सुट्टीत ती परगावी, कान तपासायच्या दवाखान्यात काम शिकत होती. काचेपलीकडच्या पेशंटनं आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, मग इकडे तिच्यासमोर दिवा लागायचा. आज पलीकडची खुर्ची रिकामी, तरी हा पठ्ठ्या दिवा प्रत्येक आवाजाला लागतोय!

"वायर सैल असेल गं," म्हणत शिकवणाऱ्या मॅडम जेवायला गेल्या.

तिला तिचा ठार बहिरा मामा आठवला. बहिऱ्यापुढे बोललं काय, न बोललं काय, म्हणून त्याच्या देखतच ती आईला म्हणाली होती, "हा आता सुटला तर बरं." आठवड्यात तो गेलाच.

तिनं माइक जवळ ओढला. "मामा, तू आहेस?"

दिवा लागला.

"तेव्हा तुला काही ऐकू आलं नव्हतं ना रे? नसेल आलं, तर दाब बटण."

 

दिवा लागला नाही.