रंगवलेला राजवाडा

उद्या मुलगी पाहायला जायचं म्हणून संघपालनं जुन्या गाडीच्या व्हीलकॅप रंगवायला दिल्या, त्याही नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या देवरावभाऊंकडं. आज चाकांवर बसवलेल्या पाहिल्या, तर नुसते काळे-पांढरे डाग.

"हे काय केलं, भाऊ?"

"जवळून नोको पाहू. रस्त्याच्या पल्याड जाय."

पलीकडून पाहिलं, तर महागडी अलॉय चाकं चमकत होती. तो जवळ आला, पुन्हा डाग. मागं गेला, पुन्हा अलॉय.

"मले त काहीच समजून नाई राह्यलं. आन पोरीचा बाप गाडीजवळ आला त?"

देवरावभाऊंनी ब्रश पुसला.

"तू फक्त ऐटीत उभा राय, बाबू. म्या रंगवलेल्या राजवाड्यासमोर एवढे राजे उभे राह्यले, एकानंबी मांगं वळून पाह्यलं नाई."