नकाशातली विहीर

उमाकांतचं पुस्तक दिल्लीहून पोस्टानं आलं. विषय भिलाईभोवतीची मागास गावं. आम्ही दोघं विद्यार्थी असताना सायकलींवर फिरलो तीच गावं, पण प्रोफेसर तो झाला आणि मी दुर्गच्या कॉलेजात लेक्चररच राहिलो. लाल पेन्सिल घेऊन मी त्याची चूक शोधायला बसलो. शेवटी नकाशात सापडली. जिच्यासाठी एका गावच्या बायका रोज रेल्वेचे रूळ ओलांडायच्या ती विहीर त्यानं गावातच दाखवली होती. "पाह्य सरला, दिल्लीवाल्याले विहीरच नाही सापडली!" मी ओरडलो आणि विहिरीभोवती दोनदा गोल काढला. बायकोनं चष्मा लावला, नकाशाखालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. "हे तं तुमचंच नाव होय ना जी?" त्याच्या प्रबंधासाठी ट्रेसिंग पेपरवर नकाशे मीच काढून दिले होते, लेकाच्यानं ते लक्षात ठेवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच माझं नाव छापून आलं, तेही माझ्याच चुकीखाली.